वर्तमानपत्रातला पाऊस: दर्पण ते रेडिओ या काळातल्या हवामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोणत्या काळाबद्दल आहेत?

साधारण १८३२ ते १९५० या काळाबद्दल. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं आणि मराठी वर्तमानपत्राची सुरुवात झाली. पुढच्या टोकाला रेडिओ घराघरात शिरू लागला आणि पावसाची बातमी छापील कागदावरून कानाकडे वळली. प्रदेश मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातला: मुंबई, कोकण, देश. विदर्भ आणि मराठवाड्याचा राज्यकारभार वेगळा होता, त्यामुळे इथे सांगितलेले सरकारी नियम तिथे जसेच्या तसे लागू नव्हते.

तेव्हाच्या वर्तमानपत्रांत हवामानाचा अंदाज येत असे का?

आज आपण ज्याला अंदाज म्हणतो तो बराच काळ येतच नव्हता. उद्या पाऊस पडेल का, हे सांगणं वर्तमानपत्राचं काम आहे असं कोणी मानत नव्हतं. साप्ताहिकाला तसं मानणं परवडलंही नसतं. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ ला निघाला तो साप्ताहिक म्हणून. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली सुरू झाला आणि रोज निघू लागला १९०४ मध्ये. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या आणि टपालाने आणखी दोन-चार दिवसांनी गावात पोचणाऱ्या अंकात ‘उद्या’ला काय अर्थ?

येत होती ती झालेल्या पावसाची बातमी. कुठे किती पडला, कुठे ओढ दिली, पेरण्या झाल्या की खोळंबल्या, ज्वारीचा भाव चढला की उतरला. ती शिळी असली तरी लोक आवडीने वाचत, कारण पाऊस कसा आहे हे बघायला खिडकी पुरे होती, वर्तमानपत्र लागायचं ते त्या पावसाने पैशाचं काय केलं हे कळायला. नगरच्या व्यापाऱ्याला सोलापुरात पडलेला पाऊस आठवड्याने कळला तरी उपयोगाचा होता. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

ही बातमी गोळा कोण करायचं?

दोन वाटा होत्या. एक सरकारी. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक असे आणि मामलेदाराच्या हाताखालचा कारकून रोज सकाळी त्यातलं पाणी मोजून आकडा लिहून ठेवी. हे आकडे जिल्ह्याला जात, तिथून वर जात, आणि पाऊस-पिकाच्या साप्ताहिक अहवालातून वर्तमानपत्रांच्या हाती पडत.

दुसरी वाट बातमीदारांची. हे पगारी नसत. गावचा शाळामास्तर, वकील, एखादा इनामदार किंवा नुसताच लिहायची हौस असलेला वाचक पत्र लिही आणि संपादक त्यातला उपयोगी भाग छापे. त्यात गावच्या शाळेतला बक्षीस समारंभ, पटकीची साथ आणि आर्द्रा नक्षत्राचा पाऊस एकाच परिच्छेदात सुखाने नांदत. मला स्वतःला हे मिश्रण फार आवडतं. सरकारी तक्त्यात पाऊस म्हणजे आकडा. पत्रात मात्र ओढ्याला पूर आल्यामुळे लग्नाचं वऱ्हाड पलीकडच्या काठावर अडकल्याचंही कळतं.

जुन्या अंकात ‘३ इंच ४० सेंट’ असं दिसतं. हे सेंट कसले?

इंचाचे शंभरावे भाग. ३ इंच ४० सेंट म्हणजे ३.४० इंच, आजच्या मापात सुमारे ८६ मिलिमीटर. एका इंचाला २५.४ मिलिमीटर धरायचे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशात मेट्रिक मापं आली, तरी वयस्कर माणसं पुढे कित्येक वर्षं इंचातच बोलत राहिली. तापमान फॅरनहाइटमध्ये असे, त्यामुळे १०५ अंश वाचून घाबरायचं कारण नाही. ते साधारण साडेचाळीस सेल्सिअस होतं.

‘आणेवारी’चा हवामानाशी संबंध काय?

मला विचाराल तर त्या काळच्या पाऊस-पत्रकारितेचा गाभाच हा आहे. रुपयाचे सोळा आणे, तसं भरघोस पीक सोळा आणे धरायचं आणि यंदाचं पीक त्याच्या किती आणे आलं ते ठरवायचं. आठ आणे म्हणजे निम्मं. हा आकडा सरकारी अधिकारी नजरेने ठरवत आणि शेतसारा वसूल करायचा की तहकूब ठेवायचा हे त्यावर अवलंबून असे. मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षाची सारावसुली पूर्ण तहकूब करायची, असा नियम होता. १९१८ चा खेडा सत्याग्रह याच मुद्द्यावर उभा राहिला. पीक चार आण्यांच्या आत आहे असं शेतकरी म्हणत होते, सरकारला ते मान्य नव्हतं.

आता बातमीदाराचं पत्र पुन्हा वाचा. ‘मृग कोरडा गेला, आर्द्रांत थोडा शिडकावा झाला, पिके करपली’ अशा धर्तीचं वाक्य वरवर हवामानाचं वर्णन वाटतं. खरं तर ती साक्ष होती. मामलेदार सहा आणे लिहिणार असेल तर त्याआधी गावाने तीन आणे छापून आणायचे. म्हणून अशा पत्रांत थोडी अतिशयोक्ती गृहीत धरावी, आणि सरकारी आकड्यांत उलट्या दिशेची. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की मग खरा पाऊस कुठेतरी मध्ये सापडतो.

नक्षत्रांचा पाऊस म्हणजे नेमकं काय? पंचांगावर लोकांचा विश्वास होता का?

सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राचा पाऊस. एका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस असतो. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. शेतकऱ्याचं पावसाळ्याचं कॅलेंडर हेच. इंग्रजी महिना विचारला तर अडखळेल, पण ‘मघांत नांगर धरला’ म्हटलं की सगळं कळेल. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण आजही ज्वारीच्या पट्ट्यात ऐकू येते.

पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असे: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजून नवाने भागायचं आणि बाकी उरेल त्यावरून वाहन ठरवायचं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. यात वाऱ्याची किंवा ढगांची नोंद कुठेच नाही. निव्वळ अंकगणित आहे. तरीही गुढीपाडव्याला संवत्सरफल वाचलं जाई आणि सगळं गाव ऐकायला बसे.

विश्वासाचं म्हणाल तर तो श्रद्धेपेक्षा सवयीचा होता. पंचांग चुकलं म्हणून कोणी रागावत नसे. कोरडं नक्षत्र गेलं की ‘पुढचं बघू’. या बाबतीत पंचांगकर्ते सरकारी हवामानशास्त्रज्ञांपेक्षा फार सुखी होते, हे पुढे येईलच. एक बारकावा सांगायचा राहिला. नाक्षत्र वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा वीसएक मिनिटांनी मोठं असतं. त्यामुळे मृगाची तारीख सुमारे सत्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. दर्पणच्या काळातला मृग आजच्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी लागत असे.

पंचांगवाले आणि वेधशाळावाले एकमेकांचे विरोधक होते का?

तसं चित्र रंगवायला सोपं आहे, पण माणसं बघितली की ते टिकत नाही. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या नियमित नोंदी तिथे १८४० च्या दशकात सुरू झाल्या. तिथलं काम काही काळ खुद्द बाळशास्त्री जांभेकरांकडे होतं. म्हणजे मराठीतला पहिला संपादक हाच तापमापकाच्या नोंदी बघणारा माणूस! तिथेच तरुणपणी काम केलं केरो लक्ष्मण छत्र्यांनी. हे केरूनाना पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले, टिळकांचे गुरू झाले आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताने सुधारलेलं पंचांग निघू लागलं, तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. पर्जन्यमापक वाचणारा आणि पंचांग दुरुस्त करणारा, दोन्ही एकच गृहस्थ.

सरकारी अंदाज कधी सुरू झाला, आणि तो बरोबर यायचा का?

१८६४ मध्ये कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं, पाठोपाठ १८६६ मध्ये ओरिसात दुष्काळ पडला. हवामानाचं काम प्रांताप्रांतात विखुरलेलं ठेवून चालणार नाही हे सरकारला कळलं आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. प्रमुख झाले हेन्री ब्लॅनफर्ड. हिमालयावर हिवाळ्यात बर्फ जास्त पडला तर पुढचा पावसाळा कमजोर जातो, अशी त्यांची धारणा होती. तिच्या आधारे त्यांनी काही वर्षं चाचणीदाखल अंदाज केले आणि १८८६ पासून दर पावसाळ्याआधी अंदाज जाहीर होऊ लागला.

त्यांच्यानंतर आले जॉन एलियट. त्यांनी बर्फाच्या जोडीला आणखी बरेच घटक घेतले. त्यांचा अंदाज लांबलचक असे. आणि मग आलं १८९९. एलियट यांनी सरासरीपेक्षा जास्त पाऊस पडेल असं सांगितलं. प्रत्यक्षात त्या शतकातला अतिशय भीषण दुष्काळ पडला. गुजरात-राजस्थानात तो ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो, संवत १९५६ वरून. वर्तमानपत्रांनी खात्याला असं धारेवर धरलं की पुढची काही वर्षं हा अंदाज गोपनीय ठेवून फक्त सरकारी अधिकाऱ्यांना पाठवला जाऊ लागला.

पंचांग चुकलं तर कोणी हसत नाही आणि सरकार चुकलं की सगळे हसतात, यामागे मला तरी साधं कारण दिसतं: पंचांगाच्या भरवशावर कोणी सारा वसूल करत नव्हतं.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ प्रमुख म्हणून आले. हवामानाचा अनुभव जवळजवळ शून्य. हातात फक्त सांख्यिकी. त्यांनी जगभरच्या ठिकाणांचे दाब, पाऊस, तापमान यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघितले आणि त्यातून हिंदी आणि प्रशांत महासागरावरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे त्यांच्या लक्षात आलं. आज बातम्यांत ‘एल निनो’ ऐकू येतो त्या साखळीची एक महत्त्वाची कडी अशी भारतातल्या पावसाच्या काळजीतून सापडली.

पुण्यातल्या वेधशाळेला ‘सिमला ऑफिस’ का म्हणतात?

कारण ते खरोखर सिमल्याहून आलं. हवामान खात्याचं मुख्यालय आधी कलकत्त्याला, मग सिमल्याला होतं. १९२८ मध्ये ते पुण्यात शिवाजीनगरला मनोऱ्याच्या देखण्या इमारतीत हलवलं. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेलं, पण नाव पुण्यातच राहिलं. आजही रिक्षावाल्याला ‘सिमला ऑफिस’ म्हटलं की पुरतं. पुणेकरांची वेधशाळेबद्दलची खास खवचट थट्टाही तेव्हापासूनची असावी, कारण चेष्टेचा विषय आता चालत जाण्याच्या अंतरावर होता.

दुष्काळाच्या बातम्या कशा असत?

इथे वर्तमानपत्रं सगळ्यात धारदार झाली. १८७६-७८ चा दुष्काळ (पंचांगाप्रमाणे शके १७९८, धाता संवत्सरात सुरू झालेला) दख्खनभर पसरला तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अहवालांमागून अहवाल पाठवले. त्यामागे न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी होते. पाऊस किती कमी पडला एवढ्यावर ते थांबत नव्हते. धान्याचा भाव काय, दुष्काळी कामांवर मजुरी किती, ती मजुरी माणसाला जगवायला पुरते का, असे प्रश्न होते.

मग सरकारने दुष्काळ आयोग नेमला आणि १८८० नंतर दुष्काळी कायदे तयार झाले. १८९६ मध्ये पाऊस पुन्हा फसला तेव्हा ‘केसरी’ने हाच कायदा हत्यार म्हणून वापरला. कायद्यात शेतकऱ्याला कोणते हक्क आहेत, कामं कधी काढली पाहिजेत, साऱ्यात सूट कधी मिळते, हे टिळकांनी सोप्या मराठीत सांगायला सुरुवात केली. पीक बुडालं असेल तर घाबरून, कर्ज काढून सारा भरू नका, हे उघड सांगितलं. सभेचे लोक गावोगाव हेच सांगत फिरले. त्याच हिवाळ्यात मुंबई-पुण्यात प्लेगही होता. सरकारने १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली, त्यामागे ही चळवळ होती.

म्हणजे पाऊस न पडल्याची बातमी त्या वर्षी राजद्रोहाच्या हाकेच्या अंतरावर येऊन ठेपली होती. हवामानाच्या सदराला इतकी धार नंतर कधी आली असेल असं वाटत नाही.

घरात पावसाळ्याची तयारी कशी होई?

कोकणात तिला ‘आगोटीची तयारी’ म्हणत. चार महिने बाजार, वाट, बोट यांतलं काहीच भरवशाचं नाही, हे धरून बेगमी करायची. सरपण आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचायच्या, मीठ-मिरची-कडधान्य भरायचं, सांडगे-पापड-कुरडया, फणसाची साठं, आमसुलं, सुके मासे. घर शाकारून घ्यायचं: कौलं असतील तर फुटकी बदलायची, गवती छप्पर असेल तर नवं गवत. भिंतीवर पावसाचा मारा होतो त्या बाजूला झापं बांधायची. महाबळेश्वरला, जिथे वर्षाला २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो, तिथल्या बंगल्यांच्या भिंतीही गवताने झाकून घेत आणि दुकानदार सरळ खाली उतरत.

अंगावर घ्यायला इरलं किंवा घोंगडीची खोळ. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं पाठीवरचं छप्परच. दोन्ही हात मोकळे राहत, म्हणून भातलावणीत त्याला पर्याय नव्हता. छत्री ही शहरी चीज. ती बराच काळ कारकून, वकील आणि मास्तर यांची ओळख होती.

वर्तमानपत्रांत या तयारीबद्दल फारसं सापडत नाही. ती बायकांची कामं, आणि संपादक पुरुष. वर्तमानपत्राला पाऊस दिसला तो शेतात, बाजारात आणि कचेरीत. चुलीपाशी ओल्या सरपणाने डोळे चुरचुरले ते दिसायला स्त्रियांनी आपल्या आठवणी लिहायला घेईपर्यंत वाट बघावी लागली.

पावसाळ्यात प्रवास बंद पडायचा म्हणजे किती?

कोकणातल्या लोकांसाठी जवळजवळ पूर्ण. किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटी मेअखेरीला थांबत त्या पावसाचा जोर ओसरेपर्यंत. शेवटच्या बोटीला चाकरमान्यांची झुंबड उडे, कारण ती चुकली की घाटातून बैलगाडीने किंवा पायी. म्हणून मेमधल्या वर्तमानपत्रात शेवटच्या बोटीची जाहिरात ही हवामानाचीच बातमी होती. कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा होड्या लोटत. बंदरावर वादळाच्या सूचनेसाठी बावटे चढत, आणि ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे बोलणं किनाऱ्यावर आजही चालतं. न वाचता येणाऱ्यापर्यंत पोचणारा हाच एक सरकारी अंदाज होता, असं म्हणायला हरकत नाही.

मुंबई बंदराच्या परिसरातल्या छोट्या फेऱ्या मात्र पावसातही चालत. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी हाती लागतील त्यांना वाचवलं. त्याआधी ८ नोव्हेंबर १८८८ ला मांडवीहून मुंबईला येणारी ‘वैतरणा’ सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली होती. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. लग्नाची वऱ्हाडं आणि परीक्षेला निघालेली मुलं तिच्यावर होती. सांगाडाही सापडला नाही.

१८८२ च्या मुंबईच्या चक्रीवादळात एक लाख माणसं गेली, हे खरं का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. ६ जून १८८२ ला मुंबईवर वादळी लाट आली आणि लाखभर लोक बुडाले, असं कित्येक याद्यांत छापलेलं आढळतं. तेव्हाची मुंबई सुमारे पावणेआठ लाखांची. आठातला एक माणूस एका दिवसात गेला असता तर काय झालं असतं याचा नुसता विचार करा. शहरात इंग्रजी, गुजराती, मराठी वर्तमानपत्रं निघत होती, कुलाब्याला वेधशाळा तासातासाला नोंदी घेत होती, तारयंत्र लंडनपर्यंत जोडलेलं होतं. अशी आपत्ती त्या काळच्या कोणत्याही नोंदीत नाही. संशोधकांनी शोध घेतला आणि ती कधी घडलीच नाही या निष्कर्षाला आले.

मग आकडा आला कुठून? कुठल्यातरी एका यादीत शिरला आणि पुढच्यांनी मूळ न तपासता उतरवून घेतला. जुनी वर्तमानपत्रं जपून ठेवण्याचा हा एक रोकडा फायदा. ती काय घडलं ते सांगतात, आणि काय घडलं नाही तेही. खरं मोठं वादळ मुंबईने पाहिलं ते २२ नोव्हेंबर १९४८ ला.

पावसावर जुगार खेळत हे खरं?

खरं. अमुक वेळेत पन्हाळीतून पाणी वाहील की नाही यावर पैसे लागत. मुंबईत आणि कलकत्त्यात हा सट्टा इतका बोकाळला की कायदा आणावा लागला. बंगालमध्ये तर १८९७ साली खास पावसाच्या जुगारासाठी कायदा झाला. हौशी हवामानतज्ज्ञांची तिथे कमी नव्हती, आणि चुकलं तर खिशाला चाट.

उन्हाळ्याच्या बातम्या का दिसत नाहीत?

दिसतात, पण आडून. उन्हाळा दरवर्षी येतोच, त्यात बातमी ती काय, असा भाव असे. उष्माघाताने कोणी गेलं तर एखादी ओळ. मात्र उन्हाने राज्यकारभार हलत असे. मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुण्याजवळ गणेशखिंड, हिवाळ्यात मुंबई असे फिरत. त्यांच्यामागून कचेऱ्या, कारकून आणि कागदांचे गठ्ठे. मराठी वर्तमानपत्रं या थंड हवेच्या खर्चावर टोमणे मारायची संधी सोडत नसत.

गारव्याची एक गंमत त्याआधीची. १८३४ च्या सुमारास अमेरिकेतून जहाजाने बर्फ मुंबईत येऊ लागला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइसक्रीम दिलं, त्यांना आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि ‘मुंबई समाचार’ने तिची खबर घेतली, असं सांगतात.

युद्धकाळात हवामानाच्या बातम्या बंद होत्या का?

हवामान ही लष्करी माहिती मानली गेली, कारण विमानांना आणि जहाजांना तिचा उपयोग. त्याचं कडू उदाहरण बंगालचं आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने हजारो माणसं मारली आणि ती बातमी सरकारने कित्येक दिवस छापू दिली नाही. मदत उशिरा पोचली.

रेडिओ आल्यावर काय बदललं?

मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला. रेडिओ संच महाग, त्यामुळे पहिली वीस-पंचवीस वर्षं त्याचा खेड्यावर फार परिणाम झाला नाही. पुढे शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आले, चावडीवर सार्वजनिक संच आले, आणि ‘वेधशाळेच्या अंदाजानुसार’ हे शब्द रोजच्या बोलण्यात शिरले. वर्तमानपत्रातली बातमीदाराची लांब पत्रं आखडत गेली. तक्ता उरला. माझ्या मते हा तोटा होता. अचूकता वाढली आणि वऱ्हाड पलीकडच्या काठावरच राहिलं.

‘वरुणराजा’, ‘बळीराजा सुखावला’, ‘पावसाने दडी मारली’ ही भाषा तेव्हाची का?

शब्द जुने आहेत, अतिवापर नवा. ओढ, दडी, उघडीप, झड, वळीव, वाफसा हे शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. उघडीप म्हणजे पाऊस थांबून काम करता येईल इतकी सवड. वाफसा म्हणजे पेरणीला योग्य अशी जमिनीतली ओल, ना चिखल ना कोरड. जुन्या पत्रांत हे शब्द नेमके वापरलेले असतात, कारण चूक झाली तर पुढच्या आठवड्यात वाचक हटकत. आता पहिल्या सरीला सगळे बळीराजे एकसाथ सुखावतात.

जुन्या अंकांत एखाद्या वर्षाचा पाऊस शोधायचा तर सुरुवात कुठून करू?

मथळ्यांवर विसंबू नका. हवामान मथळ्यात क्वचित येई. स्फुटं (संपादकाची छोटी टिपणं), गावोगावची पत्रं आणि बाजारभाव या तीन जागा आधी बघा. ज्वारी-बाजरीचा भाव जुलैमध्ये एकाएकी चढला असेल तर पावसाने ओढ दिली असं समजून त्या आठवड्याची पत्रं वाचा. भाव बहुतेक वेळा बातमीच्या आधी बोलतो.

तारीख शकात असेल तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९. नक्षत्रावरून तारीख काढायची असेल तर मृग ७ जूनच्या एक-दोन दिवस आधी धरून तेरा-चौदा दिवसांच्या टप्प्याने पुढे मोजा. आणि जूनपासून सुरुवात करू नका, आदल्या मेपासून करा. वळवाच्या सरी, शेवटची बोट आणि गव्हर्नरसाहेबांची महाबळेश्वरहून निघायची तारीख यांतून पुढच्या चार महिन्यांचा बराच सुगावा लागतो.